बीप वाजलीच नाही ती सहा मिनिटं

माझी पीएचडी तबलावादकांच्या मेंदूवर आहे, म्हणजे दोन हात दोन वेगळी कामं करतात तेव्हा आत काय चालतं ते फंक्शनल एमआरआयने बघायचं. त्या शनिवारी पुण्यातलेच एक तबलावादक व्हॉलंटियर म्हणून आले होते. काम सोपं होतं, एक बीप आली की उजव्या हाताची बटणं दाबायची, दोन बीप आल्या की डाव्या हाताची. बीप हवेच्या नळीवाल्या हेडफोनमधून जाते, कारण स्कॅनरच्या ३ टेस्ला इतक्या ताकदीच्या चुंबकात साधा हेडफोन चालतच नाही.

सहा मिनिटांचा रन, दर दोन सेकंदाला आख्ख्या मेंदूचं एक चित्र (त्याला व्हॉल्यूम म्हणतात), म्हणजे १८० व्हॉल्यूम. संपल्यावर बटणांची फाईल उघडली तर एकही नोंद नाही! धावत आत गेले, तर हेडफोनची नळी निसटून टेबलाखाली लोंबत होती. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, मी वाटच बघत होतो, म्हटलं तुम्ही मुद्दाम शांत ठेवलंय." नळी लावून परत स्कॅन केला आणि पहिला डेटा "खराब" नावाच्या फोल्डरमध्ये टाकला.

रात्री झोप येईना. १९९५ सालचा भारत बिस्वाल यांचा पेपर आठवला. मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी काहीच न करता पडलेल्या माणसांचा सिग्नल तपासला होता, बाकी सगळे ज्याला नॉइज म्हणून काढून टाकत होते तोच. मग लॅपटॉप उघडला. डाव्या मेंदूत हाताचा जो भाग असतो, तिथे एक फुगवटा दिसतो, त्यावर सीड, म्हणजे तुलनेसाठीचा ठिपका, ठेवला आणि तिथला सिग्नल मेंदूत अजून कुठे कुठे तसाच वरखाली होतोय ते कॉम्प्युटरला शोधायला लावलं.

उजव्या मेंदूतला हाताचा भाग पेटला. बरोब्बर समोरासमोर. माणसाने एक बोट हलवलं नव्हतं हो! पेपरात शंभरदा बघितलेलं चित्र होतं पण स्वतःच्या टाकून दिलेल्या फाईलमधून ते वर आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी सरांना दाखवलं, ते म्हणाले थांब, आधी संशय घे. बरोबरच होतं त्यांचं. आपण न्यूरॉन नाही बघत, रक्त बघतो: ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात जरा गडबड करतं, मेंदूचा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त येतं, गडबड कमी होते आणि सिग्नल थोडासा वाढतो. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नल बदलतो हे सेजी ओगावा या संशोधकाने १९९० मध्ये उंदरांवर दाखवलं. पण रक्त नाडीने आणि श्वासानेही हलतं. दोन सेकंदाला एक चित्र घेतलं तर नाडीसारखी जलद लय नीट पकडताच येत नाही, ती खोटी संथ लय होऊन डेटात घुसते, आणि आपल्याला हवे ते चढउतार ०.१ हर्ट्झच्या खालचे, म्हणजे एका फेरीला दहा सेकंदांहून जास्त घेणारे, तेही संथच. नशिबाने बोटाला पल्सची क्लिप आणि पोटाला श्वासाचा पट्टा होता, त्या नोंदी वापरून तेवढा भाग काढला. चित्र फिकं झालं पण गेलं नाही.

दुसरा संशय माझा होता, त्या तबलावादकांच्या मनातल्या मनात तीनताल तर नव्हता ना चालू? फोन केला. म्हणाले, "नाही हो, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं डोक्यात होतं." एका माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचं हा प्रश्न उरतोच, म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांना परत बोलावलं आणि तबल्याला कधी हात न लावलेल्या माझ्या एका मैत्रिणीलाही. ह्यावेळी मल्टीबँड नावाची स्कॅनची पद्धत वापरली, त्यात एकाच वेळी मेंदूचे अनेक स्लाईस, म्हणजे काप, उचलता येतात, ०.८ सेकंदात पूर्ण मेंदू, त्यामुळे श्वासाची लय वेगळी काढून दाखवता येते (नाडीसाठी अजून क्लिप लागतेच). दोघांमध्येही तेच, दोन्ही बाजूंचे हाताचे भाग सोबत वरखाली.

तबलावादकांना स्क्रीनवर दाखवलं तर बराच वेळ बघत राहिले, मग दोन्ही तळवे मांडीवर ठेवून म्हणाले, "म्हणजे मी गप्प पडलेलो तरी डग्गा आणि तबला लागलेलेच आहेत की." मी म्हटलं हो, पण कशासाठी, ते अजून शोधतोय. आता प्रत्येक व्हॉलंटियरची पहिली सहा मिनिटं मी बीपशिवाय घेते.