नाचणीच्या बिस्किटात नाचणी किती?

महिन्याचा किराणा भरताना मी सगळ्याच मालाची लेबलं वाचत बसत नाही. तांदूळ, तूरडाळ, पोहे, रवा, शेंगदाणे यांच्या पाकिटात दिसतं तेच असतं. तिथे तारीख आणि किलोचा भाव बघितला की झालं. वाचावं लागतं ते कारखान्यात चार जिनसा एकत्र करून बनवलेल्या मालाचं: बिस्किटं, ब्रेड, मसाला ओट्स, नूडल्स, सॉस, जॅम, फळांची पेयं, फरसाण, मल्टिग्रेन पीठ. एवढी चाळणी लावली की टोपलीत जेमतेम आठ-दहा पाकिटं उरतात, आणि एकदा पसंत केलेलं पाकीट कंपनीने घटक बदलेपर्यंत पुन्हा नीट वाचावं लागत नाही.

पाकीट हातात आलं की ते आधी उलटं करते. पुढची बाजू जाहिरातवाल्यांची, मागची कायद्याची. मागे तीन गोष्टी शोधायच्या: घटकांची यादी, पोषणाचा तक्ता आणि एमआरपीजवळ छापलेला युनिटचा भाव. क्रमही हाच ठेवते. यादीतच माल नापास झाला तर पुढची आकडेमोड टळते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणं एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनी बंधनकारक आहे. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. त्यामुळे पहिल्या तीन नावांत मालाची जात कळते. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो, मराठीची सक्ती नाही, म्हणून काही शब्द ओळखीचे करून घ्यावेत. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा, ‘होल व्हीट फ्लोअर’ म्हणजे कणीक. नुसतं ‘व्हीट फ्लोअर’ असेल तर मी तो मैदाच धरते. ब्राउन ब्रेडच्या यादीत मैदा पहिला आणि शेवटाकडे 150 या आकड्याने सुरू होणारा कॅरॅमल रंग दिसला, तर तो तपकिरीपणा कोंड्याचा नाही.

आता नाचणीचं बिस्किट. नावात किंवा चित्रात एखाद्या घटकाचा डंका पिटला असेल, तर त्याचं प्रमाण टक्क्यांत छापावं लागतं. यादीत ‘फिंगर मिलेट’ किंवा ‘रागी’ शोधायचं आणि कंसातला आकडा बघायचा. समजा 150 ग्रॅमचं पाकीट 60 रुपयांना आहे आणि कंसात 12 टक्के लिहिलंय. म्हणजे पाकिटात नाचणी 18 ग्रॅम, बाकी मैदा, साखर आणि पाम तेल. नाचणी घ्यायची ती कॅल्शियमसाठी, आणि 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असतं. 18 ग्रॅमच्या वाट्याला येतं साठ-पासष्ट मिलिग्रॅम. तेवढं अर्ध्या वाटीहून कमी दुधात मिळतं, आणि इथे ते मिळवायला अख्खं पाकीट संपवावं लागतं. बिस्किट आवडतं म्हणून जरूर घ्यावं, पण नाचणीचे पैसे त्यात मोजू नयेत. नाचणीचं पीठ आणून भाकरी किंवा आंबील करणं कितीतरी स्वस्त पडतं.

हाच हिशेब सगळीकडे चालतो. ज्या गोष्टीसाठी आपण पैसे देतोय ती पाकिटात किती ग्रॅम आहे, आणि भाव त्या ग्रॅमांवर काढला तर किती होतो? मल्टिग्रेन पिठात बहुतेक वेळा गहूच नव्वद टक्क्यांच्या आसपास निघतो आणि उरलेल्या दहात पाच-सहा धान्यं दाटीवाटीने बसलेली असतात. गव्हाच्या डब्यात मूठभर हरभरे, सोयाबीन आणि ज्वारी घालून गिरणीतून दळून आणलं तर तेच पीठ साध्या भावात तयार होतं. जॅममध्ये फळ किमान 45 टक्के असावं लागतं (स्ट्रॉबेरीला सूट आहे), पण पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचा अंश किमान 65 टक्के लागतो, आणि तो बहुतांश साखरेचाच असतो. ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये फळाचा रस किंवा गर दहा टक्के असला तरी नियमात बसतं. आमरसासाठी 850 ग्रॅमचा डबा घेताना यादीत साखर आहे का आणि हापूस नावाने लिहिलाय की नुसतंच ‘मँगो पल्प’, एवढं बघून मग दोन डब्यांचा भाव तोलते.

साखरेची एक युक्ती वारंवार दिसते. साखर एकाच नावाने लिहिली तर ती यादीत दुसऱ्या क्रमांकावर येईल, म्हणून ती वाटून टाकतात: शुगर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ, खजुराचं सिरप. प्रत्येकाचं वजन थोडं, म्हणून प्रत्येकजण यादीत खाली सरकतो. माल्टोडेक्स्ट्रिन तांत्रिकदृष्ट्या साखरेत मोजलं जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झपाट्याने होतं. मधुमेहींनी ते साखरेच्याच रांगेत धरावं. अशी तीन-चार नावं एका यादीत दिसली की मी थेट तक्त्याकडे वळते.

आयएनएस क्रमांकांना, म्हणजे यादीत रंग, चव, टिकाऊपणा अशांसाठी घातलेल्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांना, मात्र घाबरायचं कारण नाही. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, 500 म्हणजे खायचा सोडा, 322 म्हणजे लेसिथिन, 412 म्हणजे गवार गम. 621 म्हणजे एमएसजी, आणि 627, 631, 635 ही त्याच कामाची चववर्धक मंडळी. क्रमांक आहेत म्हणून पाकीट परत ठेवणं आणि साखर-मीठ न बघता घेणं हा उफराटा न्याय झाला.

पोषणाच्या तक्त्यात दोन प्रकारचे आकडे असतात: दर 100 ग्रॅम किंवा मिलिलिटरचे, आणि एका ‘सर्व्ह’मधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भरतो ते. तुलनेसाठी पहिलाच रकाना वापरायचा, कारण सर्व्ह किती ग्रॅमचं ते कंपनी ठरवते. बिस्किटात दर 100 ग्रॅमला साखर 25 ग्रॅम आणि सर्व्ह 16 ग्रॅमचं, म्हणजे दोन बिस्किटं, असं धरा. लेबल सांगेल की साखर 4 ग्रॅम, दिवसाच्या 8 टक्के. चहाबरोबर पाच खाल्ली की 40 ग्रॅम बिस्किटं, 10 ग्रॅम साखर, म्हणजे 20 टक्के. आकडा खोटा नाही, फक्त दोन बिस्किटांवर थांबणाऱ्या माणसाचा आहे. शिवाय हे टक्के 2000 किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढाचे असतात: वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, एकूण चरबी 67, संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) 22, सोडियम 2000 मिलिग्रॅम. सहा वर्षांच्या मुलाला हे मोजमाप लागू नाही.

‘टोटल शुगर्स’ आणि ‘अ‍ॅडेड शुगर्स’ या ओळी वेगळ्या आहेत. साध्या दह्यात पहिल्या ओळीत चार-पाच ग्रॅम दिसतात. ती दुधातली नैसर्गिक साखर असते, दुसऱ्या ओळीत शून्य असतं. फळांच्या चवीचं दही घेताना दुसरी ओळ बघायची. खजुराच्या लाडू-बारसारख्या मालात उलटं होतं. ‘अ‍ॅडेड’ शून्य, पण ‘टोटल’ मात्र मिठाईला लाजवेल इतकी.

मिठासाठी सोडियम गुणिले अडीच. नूडल्सवर दर 100 ग्रॅमला 900 मिलिग्रॅम सोडियम असेल आणि पाकीट 70 ग्रॅमचं असेल, तर 630 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे जवळपास 1.6 ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम धरली तर त्यातला तिसरा हिस्सा एका पाकिटात संपला, वर लोणचं-पापड वेगळं. मसाला ओट्स आणि साधे ओट्स शेजारी ठेवून सोडियमची ओळ आणि किलोचा भाव वाचा. साधे ओट्स घेऊन त्यात कांदा, वाटाणे, हळद आणि घरचं मीठ घालणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं ठरतं.

चरबीत मी संपृक्त चरबीची ओळ बघते. ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘झीरो ट्रान्स फॅट’चं पूर्वीइतकं अप्रूप राहिलेलं नाही. पाम तेलाचा जवळपास निम्मा भाग संपृक्त असतो. तेलाचं नाव यादीत कंसात दिलेलं असतं: पाम, पामोलिन, सूर्यफूल.

पुढच्या बाजूच्या दाव्यांना नियमांचे आकडे आहेत, ते माहीत असले की त्यांचा रुबाब उतरतो. ‘सोर्स ऑफ फायबर’ लिहायला 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅम तंतू पुरतात, ‘हाय फायबर’ला 6. घरातल्या गव्हाच्या कणकेत ते अकराच्या आसपास असतात, ज्वारी-बाजरीतही साधारण तेवढेच. म्हणजे ‘हाय फायबर’ बिस्किट आपल्या भाकरीपुढे उणंच पडण्याची शक्यता जास्त. ‘शुगर फ्री’ म्हणजे 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मैदा मात्र तिथेच असतो, म्हणून कर्बोदकांची ओळही वाचायची. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेलाचं कौतुक नको, वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नगण्य असतं. आणि ‘नॅचरल’, ‘प्युअर’ असा शब्द ब्रँडच्या नावातच गुंफला असेल तर जवळपास बारीक अक्षरांत वाक्य सापडतं की हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे. ते वाक्य शोधण्यात मला दरवेळी मजा येते.

आता पैसे. लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांनुसार एमआरपीबरोबर युनिटचा भाव छापतात: माल किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमचा, जास्त असेल तर दर किलोचा, द्रवपदार्थाला मिलिलिटर आणि लिटर. इथे तीन अडचणी येतात. एक, तो भाव एमआरपीवरून काढलेला असतो. सुपरमार्केट एमआरपीपेक्षा कमीत विकत असेल तर छापील आकडा निरुपयोगी. दुकानात मागितलेली किंमत भागिले ग्रॅम, गुणिले 1000 हे फोनच्या कॅल्क्युलेटरवर करायचं. दोन, ग्रॅमचा भाव दोन दशांश स्थळांत गोल केल्यावर फरक झाकला जातो. तीन, शेजारच्या दोन पाकिटांची एककं वेगळी असतात.

तेलात हे सगळं एकत्र भेटतं. ठराविक मापांची सक्ती गेल्यापासून एक लिटरच्या पिशवीशेजारी 850 किंवा 800 ग्रॅमच्या पिशव्या दिसतात. लिटरभर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. लिटरची पिशवी 150 रुपयांना असेल तर किलोला 165 पडले. 850 ग्रॅमची 145 ला असेल तर किलोला 171. स्वस्त दिसणारी पिशवी महाग निघाली. आइस्क्रीमलाही मिलिलिटर फसवतात, कारण त्यात हवा असते. नियमाने लिटरचं वजन किमान 525 ग्रॅम लागतं, पण त्याहून बरंच जास्तही असू शकतं. दोन डब्यांवर ग्रॅम छापलेले असतील तर त्यांवरूनच तोलावं. आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल आहे.

प्रथिनांचा बाजार सध्या तेजीत आहे, त्यालाही हीच फूटपट्टी लावते. 20 ग्रॅम प्रथिनं देणारा बार 100 रुपयांना धरा. फुटाण्यांत दर 100 ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. किलो 200 रुपयांना मिळत असतील तर तेवढीच प्रथिनं 20 रुपयांत. सोयाबीनच्या वड्यांत 52 ग्रॅम. किलो 150 ला धरली तर सहा रुपयांच्या आत. बार प्रवासात सोयीचा असतो हे मान्य, पण मग जास्तीचे पैसे सोयीचे.

हिंगाची डबी लहान असली तरी वाचण्यासारखी आहे. आपण घेतो तो बहुधा बांधानी हिंग: डिंक, मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि थोडा खरा हिंग. नियमाने अल्कोहोलमध्ये उतरणारा अर्क किमान 5 टक्के लागतो. घरात कुणाला गव्हाचं ग्लुटेन चालत नसेल तर सगळं पथ्य पाळूनही फोडणीतून गहू पोटात जातो. यादीखालची ‘कंटेन्स’ने सुरू होणारी ओळ अशांनी कधीच सोडू नये.

एफएसएसएआयचा शिक्का आणि 14 अंकी क्रमांक म्हणजे परवाना, पौष्टिकतेचं प्रमाणपत्र नव्हे. स्थानिक लघुउद्योगाचा माल घेताना शंका आली तर तो क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे का बघता येतं. तारखेत ‘युज बाय’ महत्त्वाची, ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची मुदत. एकावर एक फ्रीच्या ढिगात दोन्ही पाकिटांची तारीख बघायची, आणि ती आधी घरातला जुना डबा संपेल तेव्हाच्या हिशेबाने.

पाच रुपयांच्या पुड्यांवर पोषणाचा तक्ता सापडला नाही तर तो दडवलेला असेलच असं नाही. पाकिटाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर घटकांची यादी आणि तक्ता छापण्यापासून सूट आहे. ज्या मोठ्या पिशवीतून वा खोक्यातून पुड्या येतात तिच्यावर मजकूर असतो. त्याच चवीचं मोठं पाकीट शेल्फवर असेल तर ते वाचायचं, नसेल तर काउंटरवर ते खोकं मागायचं. अक्षरं वाचता येत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करून बघायचा. चकचकीत पाकिटावर फ्लॅशचा डाग पडतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवायचा.