तारिफा, स्पेन: तीन रात्री तरी ठेवाच

ऑगस्टच्या मध्यात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, तारिफाला जाऊन आलो. युरोपच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिण टोक, जिब्राल्टरची सामुद्रधुनी इथे जेमतेम 14 किमी रुंद आहे, समोर आफ्रिकेचे डोंगर एवढे जवळ दिसतात की सासूबाई म्हणाल्या, अगं हे तर पलीकडचं गाव वाटतंय!

गावात रेल्वे नाही. आम्ही मालागाहून बसने आल्हेसिरास आणि तिथून दुसरी बस असं गेलो.

पहिल्याच दिवशी व्हेल बघायची बोट बुक होती ती रद्द, कारण लेवान्ते सुटला होता. लेवान्ते म्हणजे पूर्वेचा वारा, पश्चिमेचा तो पोनिएन्ते, आणि गावाचं सगळं वेळापत्रक या दोघांवर. लोस लान्सेसचा बीच मैलोनमैल पसरलेला आणि सुंदर आहे पण लेवान्तेत वाळू अंगाला टोचते, बसवत नाही, काइटसर्फिंगवाल्यांची मात्र चंगळ. म्हणून सांगते, बोट पहिल्याच दिवसाची घ्या म्हणजे रद्द झाली तरी पुढचे दिवस हातात राहतात.

पण त्याच वाऱ्याने आम्हाला पक्षी दाखवले. ऑगस्टमध्ये करकोचे आणि घारी आफ्रिकेकडे निघतात, समुद्रावर तरंगायला जमिनीसारखे वर चढणारे गरम हवेचे झोत मिळत नाहीत म्हणून सगळे या चिंचोळ्या जागेवर येऊन जमतात आणि लेवान्ते जोरात असला तर अलीकडेच थांबून राहतात. आम्ही टॅक्सी करून काझायाच्या पक्षीनिरीक्षण ठिकाणी गेलो तर डोक्यावर शेकडो घारी, आपल्याकडे मासळीबाजारावर फिरते तीच जात! मी तिला कधी मान वर करून नीट बघितलंच नव्हतं. दुर्बीण न्याच, सावली फार नाही तेव्हा टोपी आणि पाणीही.

तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि बोट निघाली. पायलट व्हेल अगदी जवळ आले, पिल्लू आईला चिकटून, पाण्यावर येऊन फुस्स करून श्वास सोडायचे तो आवाज बोटीत ऐकू यायचा आणि सगळी माणसं गप्प. ऑर्का (किलर व्हेल) ट्यूना माशांमागे जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आम्हाला दिसले नाहीत. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, सासूबाईंना तिचा खूप उपयोग झाला.

संध्याकाळी जवळच्या बोलोनिया गावी गेलो. बीचला लागूनच बाएलो क्लाउदिया हे रोमन शहराचे अवशेष आहेत, मासे खारवायचे दगडी हौद अजून तसेच (सोमवारी बंद असतं). वर डोंगरावर गिधाडं घिरट्या घालत होती. आपल्याकडे गुरांच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं कशी संपत गेली ते आठवून मला भरून आलं, किती वेळ बघत बसले.

शाकाहारी असाल तर पालक-हरभऱ्याची भाजी मागा, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, आणि साल्मोरेखो सूप घेताना "सिन हामोन" सांगा नाहीतर वर हॅम घालून आणतात. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, वयस्कर कोणी सोबत असेल तर दुपारीच फळं-ब्रेड आणून ठेवा. आणि समोर दिसतंय म्हणून टँजिअरला फेरीने जायचा मोह होईल, पण त्यासाठी मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतो आणि परत यायला शेंगेन मल्टिपल एन्ट्रीचाच हवा, हे घरून निघायच्या आधी बघून घ्या.