ओळखीचं कुणी आहे का?

टोकियोतली भाड्याच्या घराची जाहिरात वाचता यायला लागली की निम्मं शहर कळलं, असं माझं मत आहे. स्टेशनपासूनचं अंतर इथे मिनिटांत छापतात आणि ती मिनिटं दलालाच्या मनावर नसतात. 80 मीटर म्हणजे एक मिनिट, असा नियमच आहे. 'चालत 7 मिनिटं' म्हणजे 560 मीटर. वाटेतले सिग्नल, चढ आणि सोबतच्या माणसाचे गुडघे त्यात धरत नाहीत, पण 'हाकेच्या अंतरावर' असं लिहून गिऱ्हाइकाला सिंहगड रोडच्या पार टोकाला नेण्याची सोयही नाही.

खोली मोजतात ती ताटामी चटयांत. सहा चटयांची खोली म्हणजे साधारण 10 चौरस मीटर. हल्लीच्या घरांत चटई औषधालाही नसते, जमीन लाकडी असते, तरी माप चटईचंच. गॅलरीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहिलेलं असतं आणि सगळ्यात जास्त भाव दक्षिणेला, कारण हिवाळ्यात ऊन तिथूनच येतं. हे मी आईला फोनवर कौतुकाने सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "दुसरं बघ."

घरात कुणी आत्महत्या केली असेल किंवा खून झाला असेल तर दलालाने ते सांगायला हवं. किती वर्षं सांगत राहायचं यावर वाद होते म्हणून 2021 मध्ये सरकारने मार्गदर्शक तत्त्वं काढली. भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं, आणि म्हातारपणाने आलेलं मरण एरवी सांगावं लागत नाही. भुताची मुदत अशी कागदावर ठरवून टाकणारा दुसरा देश निदान माझ्या पाहण्यात नाही. अशी घरं स्वस्त मिळतात. माझा एक नागपूरकर मित्र खास तीच शोधत होता. त्याचं म्हणणं, "जपानी भूत आहे, रात्री दहानंतर आवाज करणार नाही."

एवढं सगळं छापणाऱ्या जाहिरातीत एकच गोष्ट बहुधा नसते. घरमालकाला परदेशी माणूस चालतो की नाही.

ते कळतं दलालाच्या टेबलापाशी. तो आपल्यासमोरच मालकाला किंवा मालकाच्या व्यवस्थापक कंपनीला फोन लावतो. आवाज एकदम मऊ होतो, मान न दिसणाऱ्या माणसापुढे खाली खाली जाते. "गिऱ्हाईक भारतीय आहेत. हो, हो, जपानी येतं. नोकरी आहे." मग तो दातांतून 'स्स' करत हवा आत ओढतो. जपानी भाषा न शिकताही हा आवाज समजतो. फोन ठेवल्यावर तोच आपली माफी मागतो, आणि एवढ्या अदबीने, की आपणच त्याला "असू दे हो" म्हणतो. जपानच्या कायदा मंत्रालयाने 2017 मध्ये परदेशी रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली होती. घर शोधलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांनी, परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. म्हणजे तो 'स्स' बऱ्याच जणांनी ऐकलेला आहे.

मालकांची कारणं ठरलेली. हे लोक कचरा नीट वेगळा करणार नाहीत, रात्री पाहुणे बोलावतील, मसाल्याचा वास भिंतीच्या कागदात मुरेल, आणि एक दिवस न सांगता मायदेशी निघून जातील. वासाबद्दल मी वाद घालत नाही. लसणाची फोडणी आणि भिंतीचा कागद यांचं नातं मला ठाऊक आहे. पण बाकीचं कुणी मला विचारलंच नाही, हे मला जास्त लागलं. पुण्यात घरमालक विचारतो. गाव कुठलं, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, लग्न कधी करणार, करणार असाल तर आमच्या भाचीची पत्रिका… अकरा महिन्यांच्या करारासाठी तो आपली सात पिढ्यांची माहिती काढतो. मला तेव्हा त्याचा राग यायचा, इथे दलालासमोर बसून त्याची आठवण आली. मग हेही आठवलं की त्या चौकशीत मी दर वेळी पास व्हायचो, कारण आडनाव सोयीचं होतं. माझ्याच ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला त्याच सोसायटीत 'फ्लॅट कालच गेला' असं सांगितलं होतं. फ्लॅट पुढे दोन महिने रिकामा होता. चौकशीची गोडी ज्याला घर मिळतं त्यालाच.

इथे चौकशीच्या जागी पैसे आणि कागद आहेत. अनामत एक-दोन महिन्यांची, दलालाला एक महिन्यापर्यंत, कुलूप बदलण्याचे वेगळे, आगीचा विमा वेगळा. शिवाय मालकाला एक महिन्याचं भाडं, परत न मिळणारं, केवळ घर दिल्याबद्दल आभार म्हणून. टोकियोत दोन वर्षांनी करार वाढवतानाही बऱ्याचदा आणखी एका महिन्याचं भाडं मोजावं लागतं. आत पाऊल टाकण्याआधीच चार-पाच महिन्यांचं भाडं हातावेगळं होतं. एवढं मोजून घर मिळतं तेही असं की छताला दिवा नाही, खिडकीला पडदा नाही, स्वयंपाकघरात शेगडी नाही. पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात. गॅस सुरू करायला माणूस येतो आणि त्या वेळी आपण घरात हजर असावंच लागतं.

पण खरी अडचण पैशांची नाही, जामीनदाराची आहे. मी भाडं थकवलं तर भरणारा कुणीतरी जपानमधला माणूस हवा. पूर्वी यासाठी साहेबाच्या पाया पडायचे. आता हमी कंपन्या आहेत. सुरुवातीला अर्ध्या ते एका महिन्याचं भाडं घेतात आणि दर वर्षी थोडं थोडं घेत राहतात. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायचं काम ती कंपनी करते आणि त्याचं भाडं मी भरतो. हा व्यवहार पहिल्यांदा समजला तेव्हा मला हसू आलं. खरं सांगायचं तर पुणेरी चौकशीपेक्षा मला हाच बरा वाटतो. निदान पावती मिळते.

यातून सुटायचा एक रस्ता म्हणजे यूआर, सरकारी संस्थेच्या भाड्याच्या वसाहती. तिथे आभाराचे पैसे नाहीत, दलाली नाही, करार वाढवायची फी नाही आणि जामीनदारही नाही. पगार किंवा बचत ठरावीक रकमेच्या वर दाखवा, राहण्याचा परवाना दाखवा, झालं. एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला भारतीयांची जी वस्ती झाली, तिचं बरंचसं मूळ इथे आहे. 2000 सालच्या संगणकांच्या तारखांच्या घोळामुळे भारतातून इंजिनिअर आले. ज्या बँकांची कामं ते करायचे त्यांची ऑफिसं मेट्रोच्या तोझाई लाइनवर, निशिकासाईचं स्टेशन तोझाई लाइनवर, आणि स्टेशनजवळ यूआरच्या इमारती. पुढे शाळा आल्या, किराणा आला, दिवाळी आली. 2019 मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. माणसं आपल्या माणसांजवळच राहतात असं लोक म्हणतात. मला वाटतं, जिथे जामीन मागत नाहीत तिथे ती आधी राहतात, माणसं आपली मागून होतात.

मार्चमध्ये इथे घरांची झुंबड उडते, कारण शाळा, कॉलेजं आणि नोकऱ्या एप्रिलपासून सुरू होतात. गेल्या मार्चमध्ये मावशीचा फोन आला. तिच्या जावेचा भाचा टोकियोला येतोय, घर मिळालंय, फक्त अर्जात 'तातडीचा संपर्क' म्हणून कुणाचं तरी नाव हवंय. "तुझं दिलंय हं," मावशी म्हणाली. दिलंच होतं. दोन दिवसांनी हमी कंपनीतून एका बाईंचा फोन. अतिशय नम्र. अमुक अमुक यांना आपण ओळखता का? त्या मुलाला मी एका लग्नात पाहिलं होतं, बहुतेक, जिलबीच्या रांगेत.

"हो," मी म्हणालो, "अगदी लहानपणापासून."

"माणूस कसा आहे?"

"फार शांत," मी म्हणालो, "आणि कचरा वेगळा करतो."

घर मिळालं. भाचा सध्या आमच्याकडे दर रविवारी जेवायला येतो. शांत मुळीच नाही.