सात दिवसांची पुडी

तुरुंगातल्या दवाखान्यात ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. दोन शिपाई एका पोराला धरून घेऊन आले. बावीस-तेवीसचा कच्चा कैदी. मान डावीकडे पिळवटलेली, डोळे छताला लागलेले, जबडा आवळलेला. "सकाळच्या गिनतीपासून नाटकं चालल्यात याची," हवालदार म्हणाले.

कार्ड काढलं. चार दिवसांपूर्वीच मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचं हॅलोपेरिडॉल ५ वरून १० मिलिग्रॅमवर नेलं होतं. नाटक नव्हतंच ते. या औषधाने तरुण मुलांचे स्नायू असे अचानक आखडतात. पण ते होऊ नये म्हणून तर सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल लिहिलेली होती, २ मिलिग्रॅम, सकाळ-दुपार. मग झालं कसं? प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि शेजारी बसून राहिलो. अर्ध्या तासात डोळे खाली आले, मान सैल पडली. "साहेब, पाणी," एवढंच बोलला.

तेवढ्यात त्याच्याच बराकीतून दुसरा निरोप. चाळिशीचा एक जण रात्रभर बडबडतोय, हवेतून काहीतरी वेचतोय. जाऊन पाहिलं. बाहुल्या विस्फारलेल्या, चेहरा लालबुंद, जीभ कोरडी ठाक, नाडी १४०, ओटीपोट लघवीने तट्ट फुगलेलं. दारू तुटल्यावरचा भ्रम म्हणावा, तर माणूस वर्षभर आत होता. शिवाय त्यात घामाच्या धारा लागतात. याच्या काखेत हात घातला, तर तीही कोरडी. तिथेच दोन्ही प्रकरणं जुळली. एकाच्या पोटात न गेलेली गोळी दुसऱ्याच्या पोटात मूठभर गेली होती. ट्रायहेक्सिफेनिडिलची नशा होते, हे बराकीत सगळ्यांना ठाऊक असतं. लघवीची नळी घातली, सलाईन लावलं, गार्ड मिळताच त्याला सिव्हिलला रवाना केलं.

पोराला पडद्याआड एकटा घेऊन विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मोठी गोळी त्यांना नको असते साहेब, ती मी खातो. छोटी नाही दिली तर संडासाजवळ झोपायला लावतात."

पुडी मीच दिली होती. औषधं देणारा मिश्रक एकच, रोज गोळ्या वाटायला माणूस नाही, म्हणून सात दिवसांच्या एकदम हातात द्यायच्या, अशी आमची पद्धत. १४ छोट्या पांढऱ्या गोळ्या, कागदात बांधलेल्या, आणि कार्डावर सही माझी. डोस मी तपासला होता, औषधांचा एकमेकांशी मेळही पाहिला होता. पुडी घेऊन हा पोरगा कुणाच्या शेजारी झोपतो, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. आजही ते सलतं.

अधीक्षक म्हणाले, "डॉक्टर, ती गोळीच बंद करा." मी नाही म्हटलं. बंद केली तर शिक्षा आजाऱ्यालाच, उद्या त्याची मान पुन्हा वाकडी. "साहेब, मला गोळी वाटायला रोज एक शिपाई द्या. आणि मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्या सगळ्यांनाच खिडकीवर बोलवा. त्या पोराचं नाव कुठेही येता कामा नये." नाव फुटलं असतं तर बराकीत त्याचं काय झालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी माणूस दिला.

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर अकरा जणांची रांग लागली. एकेकाच्या तळहातावर गोळी, पाण्याचा पेला, मग तोंड उघड, जीभ वर कर. तो सहावा होता. गोळी गिळली, जीभ दाखवली आणि मी काही म्हणायच्या आत मान आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवून दाखवली.