आमची वाटचाल : पाणी काढून टाकण्याचा धंदा

एक किलो चिकन ब्रेस्टमध्ये साधारण पाऊण किलो पाणी असतं. ओलावा दहा टक्क्यांपर्यंत उतरवला की हातात जर्की, म्हणजे कुत्र्यामांजरांचा वाळवलेल्या मांसाचा खाऊ, उरते सुमारे २७५ ग्रॅम. पंचवीस टक्क्यांवर थांबलं तर त्याच किलोतून ३३० ग्रॅम निघते. म्हणजे ड्रायर लवकर बंद करणाऱ्याला वीस टक्के माल फुकट मिळतो, वर विजेचं बिल कमी येतं, आणि जर्की मऊ लागते म्हणून गिऱ्हाईक खूश होतं ते वेगळंच. आमच्या कंपनीने जे काही सोसलं ते या वीस टक्क्यांपायी सोसलं, म्हणून आधी हिशेब मांडला.

भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही कुत्र्यामांजरांसाठी वाळवलेलं चिकन बनवायला लागलो तेव्हापासून पाकिटावर घटक एकच आहे. मीठ नाही, ग्लिसरीन नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. ‘नॅचरल’ छापायला प्रिंटर जादा पैसे घेत नाही. पण प्रिझर्व्हेटिव्ह काढला की त्याचं काम कुणीतरी करावं लागतं. आमच्याकडे ते आधी वाफ करते आणि मग कोरडेपणा, आणि हा क्रम उलटा करून चालत नाही.

कच्चं चिकन थेट ड्रायरमध्ये घातलं तर सुरुवातीचे काही तास पाणी उडत असल्यामुळे मांस थंडच राहतं. ड्रायरचा काटा ७० अंश दाखवतो, मांसाच्या आतलं तापमान त्याच्या खूप खाली असतं. मांस पुरेसं तापेपर्यंत ते कोरडं झालेलं असतं, आणि कोरड्या अवस्थेतला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही. तो मरत नाही, नुसता पडून राहतो, अगदी महिनोन्‌महिने. म्हणून पट्ट्या ओल्या असतानाच वाफेवर घ्यायच्या आणि आतलं तापमान ७४ अंशांना पोचवायचं. तापमान मोजणारा प्रोब खोचायचा तो रॅकच्या मधल्या ट्रेवरच्या सगळ्यात जाड पट्टीत. कडेची पट्टी तपासून समाधान मानणारा कामगार आमच्याकडे टिकत नाही.

पट्टी पाच-सहा मिलिमीटरची. चिकन अर्धवट गोठवून, उणे दोन-तीन अंशांवर कापलं तर जाडी एकसारखी येते. मऊ मांस ब्लेडखाली सरकतं, पाचरीसारखे तुकडे पडतात, पातळ टोक करपतं आणि जाड टोक आतून ओलं राहतं. ट्रेवर एकच थर, पट्ट्या एकमेकींना न चिकटलेल्या. पहिले दोन तास डॅम्पर, म्हणजे ड्रायरमधल्या हवेची झडप, अर्धा बंद ठेवायचा. घाईने कडक, कोरडी हवा मारली की पट्टीवर कवच धरतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. असा माल ड्रायरमधून काढताना खणखणीत वाजतो, पण आठवड्याभरात आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि बंद पाकिटात पट्टी नरम पडते. याच कारणासाठी ड्रायरमधून निघालेला माल आम्ही लगेच पॅक करत नाही. झाकणबंद क्रेटमध्ये २४ तास मुरू देतो, म्हणजे जाड-पातळ तुकड्यांमधला ओलावा समान होतो, आणि मगच मोजतो.

मोजायचं काय, तर वॉटर ॲक्टिव्हिटी. टक्केवारीतला ओलावा हा फक्त वजनाचा हिशेब झाला. त्यातलं किती पाणी जंतूंच्या कामी येतं ते वॉटर ॲक्टिव्हिटीच्या शून्य ते एकमधल्या आकड्यावरून कळतं. साल्मोनेलाला वाढायला ०.९४ च्या आसपास लागतं, स्टॅफिलोकोकसला ०.८६ पुरतं, आणि काही चिवट बुरशी ०.६५ वरही तग धरतात. आमची हद्द ०.६०. पहिल्या वर्षी शेडमध्ये धड टेबल नव्हतं, पण हा आकडा मोजणारा मीटर होता. तो घेताना आमच्या तेव्हाच्या भागीदाराने स्वतःच्या लग्नासाठी साठवलेले पैसे घातले. पुढे तो घरच्या शेतीकडे वळला, पण मीटर अजून चालू आहे. दर सोमवारी आम्ही तो मिठाच्या संपृक्त द्रावणावर तपासतो. २५ अंशांना आकडा ०.७५३ च्या जवळ यायला हवा. हललेला दिसला की आधी सेन्सरची काच पुसायची, तरीही हललेलाच राहिला तर त्या दिवशी एकही बॅच सुटत नाही. नमुना घ्यायचा तो पट्टी मोडून, मधल्या भागाचा, बारीक चिरून. अख्खी पट्टी मीटरच्या कपात टाकली तर मीटर फक्त कवच मोजतो.

मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. माल बनत होता, जात होता.

मग तो पावसाळा आला. आमच्याच पट्ट्यातल्या एका कंपनीने पारदर्शक झिप पाऊचमध्ये मऊ जर्की बाजारात आणली, आमच्यापेक्षा बऱ्याच कमी दरात. आत ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकलेली आणि वर ‘ताजी, रसाळ’ असं छापलेलं. या धंद्यात असणाऱ्याला ते पाकीट हातात घेतल्यावर कळायला हवं होतं. झिपमधून हवा आत येत राहते, पुडीची ताकद काही दिवसांत संपते, आणि पुण्याच्या जुलैच्या हवेत ओलसर मांस बुरशीला आवतणच देतं. समजा सील अगदी घट्ट असतं, तरी हवेशिवाय वाढणारे जंतू असतातच. ती पुडी बुरशीला रोखते, ओला माल सुरक्षित करत नाही.

पांढरे ठिपके पडलेल्या जर्कीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. त्यावर ब्रँडचं नाव नव्हतं. ‘चिकन जर्की घेऊ नका, कुत्री आजारी पडताहेत’ एवढंच. दुकानदारांनी सगळ्यांचा माल परत पाठवायला सुरुवात केली. आमची पाकिटं सील न तुटलेली, फॉइलच्या पाऊचमधली, लॉट नंबर स्पष्ट, पण तीही परत आली. डिस्ट्रिब्युटरने आमची थकलेली बिलं अडवली आणि चिकन पुरवठादाराला रोख हवी होती. दोन ड्रायरपैकी एक विकावा लागला. ज्यांच्या मालावर बुरशी होती त्यांनी दिवाळीच्या आधी नवं नाव, नवं लेबल लावून पुन्हा दुकानं भरली, आणि वर सांगत फिरले की कडक जर्की म्हणजे जुना माल. हे आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा उपयोगी पडले तळेगावजवळ कुत्र्यांचं बोर्डिंग चालवणारे एक निवृत्त सुभेदार. ते पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे लांबट हिशेबाची वही असते. पाकिटाचा लॉट नंबर, उघडल्याची तारीख, संपल्याची तारीख, कुठल्या कुत्र्याला दिलं, उलटी किंवा पातळ शौच झाली का, असे रकाने लाल पेनाने आखलेले. ती वही घेऊन ते आमच्या जुन्या दुकानांत स्वतः जाऊन बसले आणि परत आलेल्या लॉटचे नंबर दुकानदारांसमोर वहीतून वाचून दाखवले. पाच दुकानांनी माल पुन्हा घेतला, त्यावर आम्ही उभे राहिलो.

या सगळ्यात कायदा आमच्या मदतीला आला नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधल्या अन्नाच्या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळलेलं आहे. म्हणून पाकिटामागचा शिस्तीचा भाग ज्याचा त्यानेच पाळायचा. मोठ्या देशांतही हाल वेगळे नव्हते. अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यामांजरांच्या खाद्यातल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे प्रथिनाच्या पावडरीत, मेलामाइन हे रसायन मिसळल्याचं उघड झालं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्रीमांजरं दगावली. प्रयोगशाळा प्रथिनं मोजते ती नायट्रोजनवरून, आणि मेलामाइनचं दोन-तृतीयांश वजन नायट्रोजनचं, त्यामुळे कागदावर प्रथिनांचा आकडा झकास दिसत होता. त्याच वर्षापासून तिथल्या एफडीएने जर्कीबद्दलही इशारे दिले. हजारो कुत्र्यांच्या तक्रारी आल्या, बहुतेक चीनहून आलेल्या मालाबाबत, आणि नेमका दोषी घटक शेवटपर्यंत ठरला नाही. आम्ही पावडरी विकत घेत नाही, तुकडा दिसतो तेच मांस घेतो, त्यामागे हे आहे. कच्च्या आणि शिजवलेल्या बाजूचे क्रेट, ॲप्रन, चपला वेगळ्या रंगांच्या आहेत, आणि कोरड्या बाजूची फरशी आम्ही पाण्याने धूत नाही. झाडतो, व्हॅक्यूम करतो. तिथे पाणी ओतणं म्हणजे पडून राहिलेल्या साल्मोनेलाला उठवणं.

घेणाऱ्यांनाही थोडं सांगतो. कुठल्याही ब्रँडची जर्की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून दुपारभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. काचेला आतून दव धरलं तर तुम्ही मांसाच्या भावाने पाणी घेतलंय. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट फ्रिजमधून आत-बाहेर करू नका, थंड पट्टीवर हवेतला ओलावा बसतो. कोरड्या हाताने काढा, कोरड्या डब्यात ठेवा, तीन आठवड्यांत संपवा आणि नंतर हात धुवा. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांवर जर्की नको. ती खाऊ आहे, जेवण नाही, मांजरालाही नाही. घरी करणार असाल तर आधी वाफवा, मग ओव्हनमध्ये टाका, आणि चवीला म्हणून कांदा-लसणाची पावडर लावू नका, त्याने कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

आमच्या प्रत्येक लॉटची दोन पाकिटं शेडमधल्या कपाटात मुदत संपून तीन महिने होईपर्यंत राखून ठेवलेली असतात. शंका आली तर पाकीट फेकू नका. उरलेली जर्की त्यातच राहू द्या, तोंड रबरबँडने बांधा, मागच्या लॉट नंबरचा फोटो काढून पाठवा. त्याच लॉटचं आमचं पाकीट तुमच्यासमोर फोडून मीटरवर घेऊ.