ऑइल होल आधी, रीमर नंतर: एका मंजुरीचे पाच महिने

भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. वडिलांनी १९९४ साली दोन लेथवर सुरू केलं, आज बेचाळीस माणसं आहेत. गेल्या तीन वर्षांत आम्ही नव्या मशीन घेतल्या, कर्ज काढलं, झेडचं (लघुउद्योगांच्या दर्जासाठीचं सरकारी प्रमाणपत्र) ब्राँझ घेतलं, मोटर शाफ्टचं नवं काम मिळवलं. हे सगळं मार्गी लागलं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. लिहायचंय ते ग्राहकाच्या मंजुरीच्या एका फॉर्मबद्दल. त्या फॉर्मने आमच्या शॉपची बदलायची सवयच मोडत आणली होती आणि अजून ते दिवस आठवले की माझं डोकं तापतं.

बदलणं भागच होतं. आमचं निम्म्याहून जास्त काम पेट्रोल इंजिनाचं, त्यात रॉकर आर्म, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सगळ्यात मोठा. इलेक्ट्रिक गाडीत रॉकर आर्म नसतोच. आकुर्डी आमच्या शेजारी. बजाजशी आमचा कधी व्यवहार नव्हता, पण चेतकचा प्रवास सगळ्या पिंपरी-चिंचवडने पाहिला आहे. १९७२ ची चेतक, मग २००९ च्या अखेरीला स्कूटर बंद करण्याची घोषणा आणि २०२० च्या जानेवारीत तीच चेतक परत आली ती इलेक्ट्रिक होऊन. वडील त्या दिवशी एवढंच म्हणाले, "नाव राहिलं, आतलं इंजिन गेलं. आपण इंजिनातले." त्यानंतर मला नीट झोप लागली नाही.

एकदाच मोठा बदल करून भागणार नाही, हे मला समजलं होतं. टोयोटाचं मूळ मागाच्या कारखान्यात आहे. १९३३ साली त्याच कारखान्यात मोटारींचा विभाग निघाला, आणि पुढे १९५१ पासून त्यांच्याकडे कामगारांच्या सूचना घेण्याची रीतसर पद्धत आहे. आम्हीही जानेवारीत टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीच्या) बाहेर पांढरा बोर्ड लावला. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहायचं, खाली आपलं नाव आणि तारीख. पहिल्या महिन्यात एकतीस सूचना आल्या. मला फार आनंद झाला होता.

त्यातली सगळ्यात चांगली सूचना आमच्या मामांची. मामा बावीस वर्षं आमच्याकडे सेटर आहेत, म्हणजे मशीन कामाला लावून देणारे. रॉकर आर्मला एक बोअर, म्हणजे आरपार गोल भोक, असतो आणि त्यात उतरणारं एक बारीक ऑइल होल. आम्ही आधी बोअर रीमरने (भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने) फिनिश करायचो आणि मग ऑइल होल मारायचो. ड्रिल आत शिरलं की बोअरमध्ये बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कड, लोंबायची, पापडाच्या कडेसारखी पातळ. ती काढायला दोन मुली दिवसभर हाताने डीबरिंग करत बसायच्या. टूल जरा घसरलं की फिनिश झालेल्या बोअरवर ओरखडा, आणि जॉब, म्हणजे तो नग, रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये. मामांनी बोर्डवर लिहिलं: "ऑइल होल आधी मारा. रीमर नंतर फिरवा. बर रीमरच कापेल." आम्ही पन्नास जॉब करून पाहिले. बोअरमधून बोट फिरवलं तर आरशासारखा गुळगुळीत. ऑइल होलच्या तोंडाशी किंचित राहायचं, ते ब्रशने निघत होतं.

ऑपरेशनचा क्रम बदलला म्हणजे मेथड बदलली, आणि मेथड बदलली की ग्राहकाची मंजुरी लागते. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यातलं काहीही बदललं की फोर-एम चेंजचा फॉर्म भरायचा. हा नियम योग्यच आहे. इंजिनात जाणारा पार्ट आहे, पुरवठादाराने परस्पर काही करू नये. माझा राग नियमावर नाही, वाट बघायला लावण्यावर आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फॉर्म पाठवला. अठरा दिवसांनी परत आला: "फिटमेंटवर परिणाम" या रकान्यात आम्ही रेघ ओढली होती, तिथे "परिणाम नाही" असं शब्दात हवं होतं. तेवढ्यासाठी अठरा दिवस. दुसऱ्यांदा परत आला तो गेजच्या अभ्यासासाठी, म्हणजे मोजायचं साधन किती चुकतं ते तपासण्यासाठी. आमचा जुना अभ्यास दीड वर्षाचा होता, ताजा हवा होता. ते म्हणणं मला पटलं, दोन दिवसांत करून दिला, चूक दहा टक्क्यांच्या आत बसली. मग तीनशे नगांचा ट्रायल लॉट मागितला. तोही दिला, सीपीके (माप मर्यादेत किती भरवशाने बसतं त्याचा आकडा) १.६७ च्या वर होता, कंट्रोल प्लॅन (काय कसं तपासायचं त्याचा तक्ता) आणि पीएफएमईए (कामात काय बिघडू शकतं त्याचा तक्ता) दोन्ही सुधारून जोडले. त्यानंतर शांतता.

एप्रिल गेला. मेल केली की "अंडर रिव्ह्यू". फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. मेमध्ये कळलं, आमची फाइल बघणारे इंजिनिअर दुसऱ्या प्लांटला गेले आणि त्यांच्या जागी आलेल्यांच्या यादीत आमचा फॉर्म नव्हताच. नव्या साहेबांनी नम्रपणे सांगितलं, पुन्हा अपलोड करा. केला. ते म्हणाले, ट्रायलचे नग इंजिनवर बसवून बघायचेत, पाठवा. मी सांगितलं, मार्चमध्येच पाठवलेत, चलन आहे. मग मी स्वतः गेलो. गेटपास काढून त्यांच्या रिसिव्हिंग स्टोअरमध्ये दोन तास उभा राहिलो. आमचे तीनशे नग सगळ्यात खालच्या रॅकवर, आमच्याच निळ्या क्रेटमध्ये होते. "ट्रायल"चा पिवळा टॅग गळून पडला होता, वर साध्या लॉटचं लेबल चिकटवलेलं. वरचे नग गंजायला लागले होते. मी क्रेटजवळ बसून एकेक नग पुसत राहिलो आणि मला खरोखर रडू येईल असं वाटलं.

पण त्याहून वाईट आमच्याच शॉपमध्ये घडत होतं. बोर्डवर जानेवारीत एकतीस सूचना होत्या, मेमध्ये चार. मी मामांना विचारलं, काही सुचत नाही का? ते हात पुसत म्हणाले, "सुचतं की, साहेब. पण आधीचंच झालं नाही, नवं कशाला लिहू?" समोर त्या दोघी बसल्या होत्या, तीच बर हाताने काढत.

त्या रात्री मी बोर्डवरच्या सगळ्या जुन्या सूचना उतरवून घेतल्या. ग्राहकाच्या मंजुरीसाठी अडलेल्या फक्त सहा होत्या. बाकीच्या माझ्या टेबलावर अडल्या होत्या. ट्रॉलीची उंची, कूलंटचा पाइप, पंख्याची जागा. त्यांना कोणाचीच मंजुरी लागत नव्हती, फक्त माझं "हो" किंवा "नाही" लागत होतं. ग्राहकाने मला जे केलं, तेच मी माझ्या माणसांना करत होतो. हे लिहिताना वाईट वाटतं, पण हे वगळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्डचे दोन भाग केले. डावीकडे जॉबला हात लावणाऱ्या सूचना: मंजुरी लागेल, कागद कुठवर पोचला ते दर शुक्रवारी मी स्वतः लिहिणार, काही हललं नसेल तर "हललं नाही" असं लिहिणार. (आमची सुट्टी गुरुवारची, म्हणून शुक्रवार.) उजवीकडे बाकीच्या: दोन दिवसांत उत्तर, आणि पाचशे रुपयांपर्यंतचा खर्च असेल तर मला विचारायचंही नाही, करून टाकायचं, बिल ऑफिसात द्यायचं. वडिलांना ही पाचशेची गोष्ट अजिबात पसंत नव्हती. पहिल्या महिन्यात एकूण खर्च चार हजारांच्या आत राहिला, तेव्हा त्यांनी विषय सोडला.

मंजुरी जुलैत आली. एक ओळीची मेल, सोबत सही केलेला कागद. मी तो प्रिंट काढून मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, इंग्रजीत होता तरी, आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला. त्या दोन मुलींपैकी एक आता गेजिंगला (मापं तपासायला) आहे, दुसरी मोटर शाफ्टच्या लाइनवर सेटिंग शिकते आहे. मामाच शिकवतात.

ज्यांना हा फॉर्म भरायचाय त्यांच्यासाठी, आठवेल तसं सांगतो. एकही रकाना रिकामा ठेवू नका, रेघही नको. ट्रायलच्या नगांवर टॅग दोन लावा, एक क्रेटच्या आत, आणि तेल लावून पिशवीत भरा. चलनाची प्रत स्टोअरच्या माणसाकडून सही करून घ्या आणि त्याचं नाव लिहून ठेवा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काही पाठवू नका, तिकडे सगळे डिस्पॅचच्या मागे असतात. जुन्या पद्धतीचा माल कुठल्या लॉटला संपतो आणि नवा कुठून सुरू होतो, हे आधीच लिहून द्या, कारण तो प्रश्न शेवटी येतोच आणि तेव्हा पुन्हा आठवडा जातो. एका पार्टचे तीन बदल मनात असतील तर एकत्र पाठवा. आणि शक्य असेल तर ज्याला ती गोष्ट सुचली त्याला घेऊन जा. जूनमध्ये मी मामांना नेलं होतं. नव्या साहेबांना माझ्या दहा मेलमधून जे कळलं नाही, ते मामांनी जुना आणि नवा असे दोन जॉब हातात देऊन एका मिनिटात सांगितलं.

झेडचं राहिलंच. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर झेड घ्या, सर्टिफिकेशनच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के आणि लघुउद्योगाला ६० टक्के सबसिडी आहे. तिथे मला काहीच त्रास झाला नाही.

मोटर शाफ्टचा एक फोर-एम सध्या गेलेला आहे, जॉब पकडणारं फिक्स्चर बदलण्याचा. आज बारावा दिवस. काल शुक्रवार होता, बोर्डवर मी लिहिलं: "पोच आली, उत्तर नाही, सोमवारी स्वतः जाणार." खाली मामांच्या अक्षरात: "मीपण येतो."