आमची वाटचाल : पेडल, जिग आणि एक फसलेला पावसाळा

बेळगावात उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पाटीवर 'कार ॲक्सेसरीज' लिहिलंय, म्हणून नवा माणूस आत आला की आधी सीट कव्हरचा भाव विचारतो. सीट कव्हर विकतो, आरसे विकतो, हॉर्न विकतो. पोटाला ते लागतंच. पण चंदगड, सावंतवाडी, फोंड्याहून गाड्या आमच्याकडे येतात त्या एकाच कामासाठी. ॲल्युमिनियमची पेडलं, म्हणजे मूळ पेडलवर चढवायची पॅडं, बसवायची आणि बसवल्यावर ती जुळवून द्यायची. बसवायला पाऊण तास लागतो, जुळवायला दीड. पैसे मात्र लोक बसवण्याचेच देतात. हे दुखणं पहिल्या दिवसापासूनचं.

सुरुवातीचे भागीदार म्हणजे मामा. नात्यानं कुणाचेच मामा नव्हेत. फाउंड्रीत पॅटर्न करण्यात हात घडलेला माणूस, सगळे मामा म्हणत म्हणून आम्हीही. त्यांनी पहिल्या महिन्यात विकायचा माल आणला नाही, जिग केली, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी आणि सरळ जावं म्हणून धरायचा साचा. दहा मिलिमीटरची लोखंडी प्लेट, तिच्यात तीन मिलिमीटर भोकाच्या कडक बुशा आणि दोन बाजूंना पेडलची पट्टी धरणारे पंजे. ही जिग कशाला, असं पोरं अजून विचारतात. ब्रेकच्या लोखंडी पट्टीला बारीक बाक असतो. सेंटर पंच मारला तरी ड्रिल घसरतं. त्यात आपण डॅशबोर्डखाली उताणे पडलेलो, कोनातलं ड्रिल हातात, उजेड बॅटरीचा. भोक किंचित तिरकं गेलं तरी काउंटरसंक बोल्टचं, म्हणजे तोंडाशी सपाट बुडणाऱ्या बोल्टचं, डोकं एका कडेवरच बसतं. तसा बोल्ट आज घट्ट वाटतो आणि महिन्यानं हातानं फिरतो.

आधी तीन मिलिमीटरचं पायलट भोक, मग साडेपाचचं. बोल्ट एम ५, स्टेनलेसचा, मागे वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा. पॅडच्या तोंडावरचं काउंटरसंक नव्वद अंशांच्या कटरनंच मारायचं. साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं. त्यानं खोलगट केलं तर बोल्टचं डोकं नुसत्या एका कडेला टेकतं आणि ती कड दबली की ढिलं पडतं. नव्वदचा कटर फार महाग नसतो, तरी दहातल्या नऊ गॅरेजांत तो सापडत नाही.

ड्रिल लावण्याआधी खाली फडकं अंथरायचं आणि काम झाल्यावर लोहचुंबक फिरवायचं. चुरा कार्पेटमध्ये गेला तर टोचतो एवढंच, ब्रेक स्विचच्या कनेक्टरमध्ये गेला तर मागचे दिवे आपल्या मनानं लागतात. भोकाची कड कानसीनं साफ करून उघड्या लोखंडाला झिंक प्रायमर लावायचा. खानापूर, जांबोटीकडच्या गाड्यांत पावसाळाभर पायाखाली लाल चिखल असतो, तिथं गंज भोकापासूनच सुरू होतो. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. तिथं खाऱ्या हवेनं स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचं एकमेकांशी पटत नाही, बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी धरते. त्या गाड्यांना आम्ही नायलॉनचा वॉशर घालतो आणि दोन्हींमध्ये ग्रीसचा हात देतो.

मूळ रबर काढायचं की त्यावरूनच बसवायचं? काढायचं. विषय संपला. रबर आठ-दहा मिलिमीटर जाड असतं. ते काढून पाच मिलिमीटरचं पॅड आणि पातळ बैठक बसवली तर ब्रेकची उंची जवळपास होती तिथंच राहते. रबरावरून पट्टी आवळली तर पेडल वर येतं, आणि खालचं रबर दबत दबत जातं. आज आवळलेला बोल्ट पुढच्या महिन्यात ढिला का, याचं उत्तर तेच रबर. विनाड्रिल किट म्हणून जे विकतात त्यातली निम्मी अशीच.

ॲक्सिलेटरला मात्र आम्ही ड्रिल लावत नाही. आताच्या बहुतेक गाड्यांत ते प्लॅस्टिकचं असतं, मागून पोकळ, आत बरगड्या. भोक बरगडीत गेलं की तडा ठरलेला. तिथं मागून दोन मिलिमीटरची पट्टी, मध्ये पातळ रबर आणि एम ४ चे बोल्ट. घट्ट म्हणजे किती? दीड ते दोन न्यूटन मीटर, त्याहून अर्धा आटाही जास्त नको. आणि बोल्ट हलू नये म्हणून जे निळं लॉकिंग लावतात ते प्लॅस्टिकजवळ बिलकुल नको. काही प्लॅस्टिकला त्यानं बारीक चिरा जातात, आणि त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. हे आम्ही एक पेडल बदलून दिल्यावर शिकलो, आमच्या खर्चानं.

आता फसलेल्या पावसाळ्याचं. बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला. नव्या नावाचं पावतीपुस्तक छापून आणलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात ते कायमचं मिटायची पाळी आली.

एका मोठ्या शहरातल्या पुरवठादाराकडून डायकास्टचे, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात दाबून ओतलेले, सेट घेतले होते. दिसायला देखणे. पुढून एक बोल्ट दिसत नाही, कारण आटे पॅडच्या मागच्या बाजूला पाडलेले. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. मामा एकटे म्हणत होते, आटे किती खोल आहेत ते मोजा. मोजले तेव्हा ६४ सेट विकून झाले होते. खोली चार मिलिमीटर. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये धरायचा तर आटे बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी हवेत. एम ५ ला साडेसात मिलिमीटर. वर डायकास्टच्या पोटात बारीक पोकळ्या असतात, तिथं आटे आणखी कच्चे. पाय पॅडच्या मधोमध पडला तर फारसं बिघडत नाही, भार सरळ पट्टीवर जातो. पण घाईत पाय कोपऱ्यावर पडतो. मग पॅड तरफेसारखं उचलतं आणि पलीकडचा बोल्ट ओढला जातो. घाबरून दाबलेल्या ब्रेकवर पन्नास किलोचा भार सहज येतो.

जांबोटी रस्त्यावरच्या एका गाडीत तेच झालं. एका बाजूचे आटे निघाले, पॅड उरलेल्या एका बोल्टवर फिरलं आणि त्याचा कोपरा ॲक्सिलेटरला टेकला. गाडी पहिल्या गियरमध्ये होती, घराच्या चढावर. हँडब्रेकवर थांबली. कुणाला काही झालं नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन गाड्यांत पॅडवरची रबराची बटणं निघाली, कारण ती नुसती चिकटवलेली होती आणि पायाबरोबर पाणी रोज आत येत होतं.

पावतीपुस्तक उघडून एकेकाला फोन केले. ६४ पैकी ५७ गाड्या परत आल्या. चार जणांनी आमच्या सांगण्यावरून आपापल्या गावी पॅड काढून टाकली. तीन गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्यांच्या नव्या मालकांचा पत्ता लावायला पुढची दिवाळी उजाडली. सगळ्यांचे पैसे परत, मूळ रबर बसवून देणं फुकट. पुरवठादार म्हणाला, बसवण्यात चूक आहे. आम्ही पॅड मधोमध कापून त्याला आट्यांचा फोटो पाठवला. त्यानंतर फोन लागला नाही, आजतागायत. मामांनी घरचं लेथ विकलं आणि आलेले पैसे गल्ल्यात ठेवले. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

तेव्हापासून नियम तीन. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचं, घन पट्टीतून कापलेलं पॅड. आरपार बोल्ट आणि मागे नट, आट्यांवर विश्वास नाही. रबराची बटणं मागून अडकवलेली, तोंडावर दीड-दोन मिलिमीटर वर आलेली. नुसतं चकचकीत ॲल्युमिनियम ओल्या पायाखाली साबणासारखं सरकतं. आपल्याकडे अर्धी माणसं चपलेवर गाडी चालवतात. अथणीची कातडी चपल घातलेली असेल आणि तळवा भिजलेला असेल तर बटणांशिवायचं पॅड आम्ही विकत नाही, कितीही पैसे द्या.

२०१६ ते २०१८ काम चाललं. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, कोल्हापूरकडे हायवे बंद झाला. पाणी उतरल्यावर आलेल्या गाड्यांच्या पेडलच्या बिजागरीत गाळ बसला होता. ती कामं पेडलची कमी आणि धुण्याची जास्त. मग कोविड, महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा चेकपोस्ट. एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्याच येईनात. तेवढ्यातच हमरस्त्यावर काचेचं नवं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही. बोर्ड असा : पंधरा मिनिटांत स्पोर्ट्स पेडल, ड्रिल नाही. भाव आमच्या निम्मा.

पंधरा मिनिटांत काय होतं ते सांगतो, कारण त्यांच्या निम्म्या गाड्या नंतर आमच्याकडे येतात. पॅड रबरावरून बसवतात, ब्रेक वर येतो, गिऱ्हाईक म्हणतं उंच वाटतो. मग ते मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला, म्हणजे पेडलचा जोर ब्रेकच्या तेलापर्यंत नेणाऱ्या दांड्याला, हात घालतात. काही वेळा उलटंही होतं, एकाच पायाच्या टाचेनं आणि चवड्यानं ब्रेक-ॲक्सिलेटर एकदम दाबायची हौस असलेला मुलगा म्हणतो ब्रेक अजून वर पाहिजे, आणि ते रॉड लांब करतात. रॉड लांब झाला की पेडलची मोकळी चाल जाते. सिलिंडरमधलं तेल परतायचं भोक थोडं झाकलेलं राहतं, तेलाचा दाब परत सुटत नाही, चाकांतले ब्रेक पॅड डिस्कला घासत राहतात. शहरात काही कळत नाही. आंबोलीचा घाट अर्धा उतरेपर्यंत चाकं तापतात आणि गाडी स्वतःच ब्रेक धरते. अशा दोन गाड्या आम्ही लॉकनट सोडवून पूर्ववत केल्या. मजुरीही घेतली नाही, रागानं.

ब्रेकची मोकळी चाल दोन-चार मिलिमीटर तरी हवीच. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो बघायचा. केबलच्या क्लचला त्याहून बरीच जास्त. उंची जुळवायची असेल तर पॅडखालच्या स्पेसरनं जुळवा, रॉडनं नाही.

जुळवणी म्हणजे दीड तास काय करता, असं विचारतात. आधी ब्रेक आणि ॲक्सिलेटरमधलं आडवं अंतर. नवी पॅडं मूळच्यापेक्षा रुंद असतात, अंतर कमी होतं. पन्नास मिलिमीटरच्या खाली आम्ही जाऊ देत नाही. गरज पडली तर पॅडची कड कापून बफ करतो. मग शाडूची गोळी. गणपतीतला उरलेला शाडू डब्यात ठेवलेला असतो. गोळी ॲक्सिलेटरखाली ठेवायची, मॅट जागेवर असताना पेडल शेवटपर्यंत दाबायचं, आणि दबलेली गोळी व्हर्नियरनं मोजायची. दहा मिलिमीटरपेक्षा कमी आली तर मॅट कापायची किंवा काढायची. पॅड मॅटला टेकता कामा नये, पेडल आपल्या स्टॉपलाच टेकलं पाहिजे. २००९ साली टोयोटानं अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या त्या मॅटमध्ये ॲक्सिलेटर अडकण्याच्या भीतीनं, आणि उपायांतला एक होता पेडलचं खालचं टोक कापणं. म्हणजे मूळ पेडलाचीच ही गत; आपण तर त्यावर आणखी एक पॅड चढवतो. आणि हल्ली त्या जाड, कडा उचललेल्या मॅटा सगळ्यांना हव्या असतात.

इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलेटर असेल तर स्कॅनर लावून पेडलचा आकडा काम सुरू करण्याआधी लिहून ठेवायचा, मोकळ्या पेडलचा आणि पूर्ण दाबल्याचा. काम झाल्यावर दोन्ही आकडे तेच आले पाहिजेत. मग दहा वेळा दाबून सोडायचं. एकदाही रेंगाळलं तर पट्टी पुन्हा सोडवायची. ऑटोमॅटिक गाडीत पेडल तळाला गेल्यावरचा किकडाउनचा, म्हणजे गियर एकदम खाली टाकणारा, टिचका लागतोय का तेही बघायचं. शेवटी मागं माणूस उभा करून ब्रेकचे दिवे. पॅड जड असतं, स्विच फार काठावर असेल तर खड्ड्यात दिवे लुकलुकतात.

हे सगळं आम्हाला सुभेदारसाहेबांनी शिकवलं म्हटलं तरी चालेल. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, खानापूर तालुक्यातलं गाव, बूट अकरा नंबरचा. पहिल्यांदा आले ते पेडल घ्यायला नव्हे. त्यांचा बूट जुन्या मारुतीत ब्रेकबरोबर ॲक्सिलेटरही दाबत होता. मामांनी त्यांना गाडीत बसवून बुटाच्या दोन्ही कडांना खडू लावला, ब्रेक दाबायला सांगितला आणि ॲक्सिलेटरवर उमटलेली खूण मोजली. अकरा मिलिमीटर. ब्रेकचं पॅड तेवढंच डावीकडे सरकवून बसवलं, क्लचशी अंतर राखून. ती खडूची पद्धत आम्ही आजही प्रत्येकाला वापरतो. गिऱ्हाईक रोज घालतं तीच चपल किंवा बूट घालून यावं, ही विनंती त्यासाठीच. नवे कोरे शोरूमचे बूट घालून येऊ नका.

डायकास्टच्या त्या ६४ मध्ये सुभेदारसाहेबांचीही गाडी होती. पहिला फोन त्यांनाच केला. ते आले, पॅड स्वतः काढून बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "दुसरं झालं की सांगा." आठ महिने मूळ रबरावर चालवली, दुसरीकडे गेले नाहीत.

आता त्यांची चौथी गाडी. मामा दुकानात येत नाहीत, गुडघे बसलेत. जिग भिंतीवर आहे आणि तिच्या बुशा दोनदा बदलल्यात. पॅडं परवाच बसवली. आठवडाभरानं येऊन बोल्ट एकदा तपासायचे असतात, ते सगळ्यांनाच सांगतो आणि येतात मोजके. सुभेदारसाहेब शनिवारी दहाला येतो म्हणालेत, म्हणजे पावणेदहाला येतील.